नऊ जणी, एक फोन

मी शहाद्यात कॉम्प्युटर शिकवते आणि मुळात कमी बोलते. पण एक गोष्ट मनात फार दिवस अडकली होती, ती सांगून टाकते.

गावठी बियाणं जपणाऱ्या बायांसाठी मी वेबसाइट केली होती. लॉगिनचं खातं एकीकडे. बाईचा फोटो, नाव, तिच्याकडचं बियाणं, म्हणजे प्रोफाइल, दुसरीकडे. दोन्ही जोडणारी ओळ मी मोठ्या रुबाबात लिहिली: एक मोबाइल नंबर, एक खातं, एक प्रोफाइल. धडगावच्या वर अख्ख्या पाड्यात एकच फोन असतो, हे डोक्यातच आलं नाही. तिथल्या एका घरातल्या थोरल्या जावेने माहिती भरली. मग त्याच फोनवरून धाकटीने भरली आणि थोरली पुसली गेली.

हे कळलं ते या बायांच्या मेळाव्यात. पडद्यावर एकेकीचा चेहरा येत होता. थोरली नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसलेली. यादी संपली, तिचा चेहरा आलाच नाही. मेळावा भरवणाऱ्या ताईंनी थोरलीकडे बघत मला विचारलं, "त्या बाईनी फॉर्म भरेलच नही का?"

चूक माझ्या लक्षात आली होती. तरी मी म्हटलं, नसेल भरला. थोरलीने ते ऐकलं. आपणच काहीतरी भलतं दाबलं, असं जावेला सांगत ती गेली. बायांच्या पुढच्या दोन्ही बैठकांना आली नाही.

ओळ बदलायला एक दुपार पुरली: एका खात्याला हव्या तितक्या प्रोफाइल. ताईंना खरं सांगून पाड्यावर जायला मात्र दोन महिने लागले.

"मावशी, चूक माझी होती," मी थोरलीच्या अंगणात सगळ्यांसमोर म्हटलं. "आणि वर मी खोटं बोलले."

तिने ते त्यांच्या पावरी बोलीत सगळ्यांना सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एका फोनात एकच बाई? बाकीच्यांनी कुठं राहायचं?"

अंगण हसून लोटपोट. रेंज फक्त टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली, म्हणून सगळी वरात तिकडे निघाली. थोरलीने लाल मक्याची कणसं छातीशी धरून फोटो काढून घेतला. "आता मला पुसू नको हं," धाकटी तिला म्हणाली. संध्याकाळपर्यंत त्या फोनात नऊ चेहरे झाले.

मग थोरलीने मलाही उभं केलं. माझा फोटो आला, पण बियाण्याचा रकाना रिकामा सोडता येईना. तो नियमही माझाच. तिने कमरेची पुरचुंडी सोडली आणि मूठभर वाल माझ्या हातात ओतले.

"हे लाव," ती म्हणाली. "उगवले की भर."