मागच्या चाकाची वाट

देवाला हात जोडण्यात कधी चूक होऊ शकते, असं मला वाटत नव्हतं. आमच्या घरात जोतिबा कुलदैवत. शेताला जाताना, परीक्षेला जाताना, अगदी म्हैस विकत आणायला निघतानाही आधी चांगभलं म्हणायचं आणि मग पाऊल उचलायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ट्रक शिकत होतो, तेव्हा चैत्रातल्या एका दुपारी ही श्रद्धा चांगलीच हलली. मोडली नाही, पण हलली, आणि पुन्हा बसली ती जरा वेगळ्या जागी.

शिकवणारे माझे सख्खे मामा. उचगावात त्यांचा सहाचाकी ट्रक होता, विटा-वाळूची भाडी करायचे. मी आधी जीप चालवलेली, त्यामुळे सरळ रस्त्यावर मी लगेच राजा झालो. घोडं अडलं ते वळणावर. डावीकडे वळताना पुढचं चाक कोपऱ्यापासून लांबून जायचं आणि मागचं नेमकं कोपऱ्यावर चढायचं. आठवडाभरात मी एक मैलाचा दगड आणि मामांच्याच गोठ्याचा खांब कलता केला. मला भीतीपेक्षा नवल जास्त वाटायचं. एकच गाडी, एकच स्टिअरिंग, मग मागचं चाक वेगळ्या वाटेनं का जातं? मामांना विचारलं तर म्हणाले, "पुढचं जाईल तिकडं मागचं येतंय की! न्हाईतर कुठं जाईल, माहेराला?" वीस वर्षं त्यांच्या हातांना ते कळत होतं, पण तोंडानं सांगता येत नव्हतं. वर त्यांचा एक नेम होता. वाटेत देऊळ दिसलं की हात जोडायचेच. "एवढं पाळ," ते म्हणायचे, "गाडीला कधी काय व्हायचं न्हाय."

त्या दुपारी रिकामी गाडी घेऊन वीटभट्टीकडे निघालो होतो. वाटेतल्या एका गावात तिट्ट्यावर उजव्या हाताला जोतिबाचं लहान देऊळ आहे. सकाळीच पालखी होऊन गेली होती आणि रस्ता गुलालानं लाल झाला होता. आम्हाला तिथून डावीकडे वळायचं होतं. डाव्या कोपऱ्यावर एक आज्जी दवण्याची पाटी घेऊन, भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. ती मला दिसली. पुढचं चाक तिच्यापासून चांगलं लांबून गेलं, तेही पाहिलं. झालं, सुटलो, असं वाटलं, आणि मी मान उजवीकडे वळवून एक हात छातीला लावला. शेजारी मामांनी टोपी काढून डोळे मिटले. गाडी डावीकडे वळत होती आणि आम्ही मामा-भाचे दोघंही देवाकडे तोंड करून बसलो होतो.

इतक्यात मागच्या फाळक्यावर थाप बसली. एकच, पण अशी की सगळी फळी दणाणली. ट्रकवाल्यांत एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कोणी मारली, का मारली, हे मनात यायच्या आत माझा पाय ब्रेकवर गेला होता.

खाली उतरलो. मागचं चाक आज्जीच्या पावलांपासून चार बोटांवर उभं होतं. ती कानांनी जड असावी, उन्हात पेंगत होती, तिला कसलाच पत्ता नव्हता. फाळक्याजवळ एक साठीचा माणूस सायकल धरून उभा होता. "लेका, नुसतं पुढचं बघून गाडी वळवतोस व्हय?" तो ओरडला. "मागं अर्धी गाडी हाय की तुझी!"

मामांनी त्याला हात जोडले. "पावणं, जोतिबानंच धाडलं बघा तुम्हाला."

तो मोकळेपणी हसला. "मी विहारात जाणारा माणूस. तुमचा जोतिबा मला कशाला धाडतोय? तीस वर्षं बस चालवली, म्हणून चाकाचं कळतंय."

त्यानं मागं उभं राहून गाडी हळूहळू मागे घ्यायला लावली. मग दंड धरून मला रस्त्यावर उकिडवं बसवलं. गुलालात चाकांच्या दोन वाटा स्पष्ट उमटल्या होत्या. पुढच्या चाकाची मोठा वळसा घेऊन गेलेली, आणि मागच्याची आतून, थेट आज्जीच्या पायांशी जाऊन थांबलेली. मी दोन्हींमधलं अंतर मोजलं. चांगल्या चार-पाच विती भरलं. भीतीनं घाम फुटलेला असतानाही माझं मन त्या रेषांत रमलं, हे कबूल करायला हवं. आठवडाभर जे कुणाला सांगता येत नव्हतं, ते देवाच्या गुलालानं काढून दाखवलं होतं.

"पुढचं चाक तू वळवतोस," तो म्हणाला. "मागचं नुसतं वढलं जातंय. म्हणून गाडी जरा जास्त पुढं जाऊ द्यायची, मगच वळवायची. डावा आरसा सोडायचा न्हाय. मागचं चाक कोपरा पार करंस्तवर वळण संपलं न्हाय. आन् नमस्कार गाडी लावून कर. देव काय पळून जातोय व्हय?"

त्याला जोतिबानं धाडलं का, यावर मी आजवर कुणाशी वाद घातलेला नाही. त्याला ते आवडलं नसतं, आणि ज्यानं उपकार केले त्याच्यावर आपला देव लादू नये. मला एवढंच कळतं की त्या थापेपुढे माझं शहाणपण एक क्षण गप्प बसलं, आणि म्हणून आज मी ताठ मानेनं जगतो आहे. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून सगळं देवावर टाकणं, असं मी समजत होतो. आपल्याला सगळं दिसत नाही हे मान्य करून वेळेवर थांबणं, हीसुद्धा शरणागतीच असते. त्यानंतर मी हजारो वळणं घेतली आणि प्रत्येक वळणावर ते मान्य करत आलो.

त्या दिवशी त्याच्या दोन थापांवर मी ते वळण पुन्हा घेतलं. गाडी पुढे बाजूला लावली आणि चालत मागे आलो. मामा आणि तो समोरच्या टपरीवर चहा पीत आरशावरून भांडत होते. आज्जी एव्हाना जागी झाली होती. मला बघून तिनं पाटीतली दवण्याची जुडी उचलली. "एवढी मोठी गाडी थांबवून दवणा न्यायला आलास? लई भक्ती हाय बाबा तुझी!"

मी खाली वाकून तिच्या दोन्ही पावलांवर हात ठेवले. उन्हानं तापलेली, भेगाळलेली, धडधाकट पावलं. मला रडू आवरलं नाही.

"अरं लेकरा, माझ्या कशाला पाया पडतोस?" ती लाजून पाय ओढून घेऊ लागली. "देव तिकडं हाय!"

मी मान हलवली आणि तिच्याच पायांवर डोकं टेकलं.