जास्तीचं पान

मी वाचनालयात कामाला लागले तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची होते, आणि चांगलं पुस्तक कोणतं हे आपल्याला कळतं याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. आजही नाही. मधल्या वर्षांत माझी पुष्कळ मतं बदलली, हे एक तेवढं टिकलं.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मालवणात बाजारापासून थोडं आत, कौलारू इमारतीत आमचं वाचनालय होतं. दोन खोल्या, पुढे ऐसपैस पडवी, आणि पडवीत वर्तमानपत्रांचं लांबलचक टेबल. पावसाळ्यात बोट बंद व्हायची, म्हणून शेवटच्या बोटीने मुंबईहून पुस्तकांची पेटी मागवून घेत असू. पुढचे चार महिने लोकांना वाचायला त्या पेटीतलंच. पुस्तकं निवडायचं काम त्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं, आणि मी त्यात एक जाडजूड भयकादंबरी मागवली होती. त्यावरून पुढे जे झालं ते सांगते.

कादंबरी घाटावरच्या एका लहान बाजारगावातली होती. एक कुटुंब तिथे राहायला येतं. नवराबायको आणि दोन मुलं. दुपारी चार पानं मांडली जातात, गप्पा होतात, जेवणं होतात. अशी जेवणं पुस्तकात सारखी येत राहतात, आणि कधीतरी मध्येच पाचवं पान वाढलं जायला लागतं. लेखक ते सांगत नाही. घरातल्या कोणाला ते खटकत नाही. वाचणाऱ्याचं लक्ष असेल तर त्यालाच ते कळतं, आणि मग मागची प्रकरणं उलटून तो बघायला लागतो की हे सुरू कधी झालं. पुढे शेजारच्या घरात तसंच होतं, मग त्याच्या शेजारच्या. भूत म्हणून काही डोळ्यांना दिसेपर्यंत पुस्तक निम्म्याहून पुढे गेलेलं असतं, आणि दिसतं तेही पाठमोरं.

मी ते दोन दुपारींत वाचलं आणि मला ते फार आवडलं. पहिल्या महिन्यात ज्यांनी ज्यांनी नेलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते चार दिवसांत परत आणून आपटलं.

"बाय, ह्या पुस्तकातलां भूत खंय आसा?" बाजारातला एक कापडवाला मला म्हणाला. "अर्धां पुस्तक संपलां, तरी अजून नुसती जेवतत!"

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आमच्याकडे भुतांची वाण नव्हती. प्रत्येक वाडीला आपला देवचार, प्रत्येक पाणंदीला आपली हडळ, आणि ती सगळी वक्तशीर. असल्या मुलखात इतका उशीर करणारं भूत म्हणजे लोकांना ते कामचुकारच वाटलं.

वाचनालयाचे अध्यक्ष एक वकील होते. साठी ओलांडलेले, नाकावर घसरलेला चष्मा, बोलणं पुस्तकी. मालवणी त्यांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकली नव्हती. मनाने मात्र सुधारक. त्यांच्या घरच्या पंगतीला कोळी, वाणी, ख्रिस्ती सगळे एका ओळीत बसत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी कादंबरी वाचली आणि मला बोलावून घेतलं.

"हे पुस्तक आपण विक्रेत्याला परत करू," ते म्हणाले. "अत्यंत संथ आहे. आणि भीती म्हणाल, तर मला एका ओळीचीही वाटली नाही."

तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टीचर बसल्या होत्या. सगळं गाव त्यांना टीचरच म्हणायचं. ख्रिस्ती बाई, मिशनच्या शाळेत शिकवायच्या, माहेर गोव्याकडचं. वाचायचा वेग असा की आठवड्याला दोन पुस्तकं कमी पडत. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"वकीलसाहेब, मला वाटली," त्या म्हणाल्या. "तीन दिवस मी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून उभी राहिले नाही."

"तो तुमच्या मनाचा हळवेपणा."

"मग पुस्तकाने दुसरं काय हलवायचं असतं?"

वकीलसाहेबांना उलट उत्तराची सवय नव्हती. ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "परत पाठवायला आता बोटच नाही. तोवर मी ते पडवीत मोठ्याने वाचून दाखवते. शनिवारी दुपारी. ज्यांना वाचता येत नाही तेही येतील. लोक उठून गेले तर तुमचं खरं."

"जातीलच," ते म्हणाले, आणि परवानगी दिली.

मला खात्री होती की जाणार नाहीत. ते पुस्तक एकट्याने भराभर वाचणाऱ्यासाठी नव्हतंच, ते ऐकायचं पुस्तक होतं, हे मला त्याच्या वाक्यांवरून कळलं होतं.

पहिल्या शनिवारी पडवी भरली, कारण भुताचं पुस्तक अशी हाकाटी झाली होती. दुसऱ्या शनिवारी निम्मी रिकामी. तिसऱ्याला पाचसात जण उरले, आणि वकीलसाहेब आतल्या खोलीतून ऐकू येईल असं खाकरले. पण त्या पाचसातांत एक म्हातारा तांडेल होता. उभा जन्म गलबतांवर गेलेला, आता दमा झाल्यामुळे किनाऱ्याला लागलेला. त्याला अक्षरओळख नव्हती. भिंतीला टेकून डोळे मिटून तो ऐके, आणि मला वाटे झोपलाय. त्या दिवशी मी वाचत असताना तो डोळे न उघडता म्हणाला, "थांब. मागचां परत वाच. किती पानां मांडली म्हणालंस?"

मी परत वाचलं.

"आणि माणसां चारच ना घरात?"

पाऊस कौलांवर वाजत होता तेवढाच. मग एक बाई हळूच म्हणाली, "आये गे!" आणि मला कळलं की आता पुढच्या शनिवारी कोणाला बोलवायला नको.

खरंच तसं झालं. ऐकलेल्यांनी न ऐकलेल्यांना सांगितलं, आणि श्रावण लागेपर्यंत माणसं पडवीच्या पायऱ्यांवर छत्र्या धरून बसायला लागली. पडवीत संथपणाची तक्रार बंद झाली आणि उलटी तक्रार सुरू झाली. एक सासूबाई भर रस्त्यात माझ्यावर घसरल्या. "तुझ्या पुस्तकान माझी सून बिघडली! वाढताना पानां मोजता, आणि परत मोजता. आमटी थंड होता आमची!" कोणाचा मुलगा अंधार पडला की न्हाणीघरात जाईना. दोघा-तिघांनी वाचनालयाच्या समितीकडे तोंडी तक्रार केली की असली वाचनं बंद करा. त्याच वेळी आधी ते घरी नेऊन परत आणून आपटणारे लोक अजूनही म्हणत होते की पुस्तकात काही दम नाही. मला दोन्ही बाजू ऐकून मजा वाटायची. एकच पुस्तक एकाच गावात कंटाळवाणंही होतं आणि जीवघेणंही.

श्रावणाच्या शेवटी पुस्तक संपलं, आणि खरं भांडण तेव्हा झालं. कादंबरीच्या शेवटी गावकरी एकेक करून घरं बंद करतात आणि गाव सोडून जातात. तो जेवायला येणारा कोण होता हे लेखक सांगतच नाही. मी पुस्तक मिटलं आणि तांडेल उठून उभा राहिला.

"ह्यां चूक आसा," तो म्हणाला. "घरांदारां सोडून पळाले कित्याक? एकान तरी त्येका इचारूक व्हयां होतां, बाबा, तू कोण, तुका काय व्हयां. आमच्याकडे गाऱ्हाणां घालतत. मागणां काय तां समाजता, देवन टाकतत, निवळता."

पडवीतल्या निम्म्या लोकांनी माना हलवल्या.

"विचारलं असतं तर पुस्तक तिथेच संपलं असतं," टीचर म्हणाल्या. "त्यांना विचारायची छाती झाली नाही, हीच तर गोष्ट आहे."

"छाती नसलेल्यांची गोष्ट सांगायची कित्याक?"

"कारण तशी माणसंच जास्त असतात, तांडेलमामा."

दोघंही हटेनात. मी टीचरांच्या बाजूची होते आणि तसं सांगितलंही. गावाने कसं वागावं ते तांडेलमामा सांगताहेत आणि ते शहाणपणाचं आहे, पण पुस्तक गावासारखं शहाणं असायची गरज नाही, असं मी म्हटलं. तांडेल म्हणाला, "मगे तुमी वाचत बसा," आणि छत्री घेऊन निघाला. पुढच्या शनिवारी मी दुसरं पुस्तक काढलं तेव्हा मात्र तो आपल्या जागेवर होता.

मग चतुर्थी आली. वकीलसाहेबांकडे गणपतीच्या जेवणाला दरवर्षी मोठी पंगत असे. माझ्या आईचा आणि त्यांच्या पत्नीचा घरोबा, म्हणून मी वाढायला होते. माजघरात केळीची पानं मांडली होती. काळ्या वाटाण्याची उसळ, अळू, वडे, खीर, मोदक वाढून झाले. पुरुष बसले, त्यांत तांडेल होता, आणि पलीकडच्या ओळीत पाहुण्या बायकांबरोबर टीचर. वकीलसाहेब यजमान म्हणून शेवटी बसायला आले आणि मध्येच थबकले.

पुरुषांच्या ओळीत, बरोबर मध्यावर, एक पान रिकामं होतं. पूर्ण वाढलेलं. डाव्या बाजूला मीठ, वर तुपाची धार, आणि समोर पाटावर कोणी नाही.

"कोण यायचं राहिलं आहे का?" त्यांनी विचारलं. कोणीच राहिलं नव्हतं. बायकोला विचारलं, तिने सांगितलं की माणसं मोजूनच पानं मांडली. मग प्रत्येक जण मनातल्या मनात मोजायला लागला. ते दिसत होतं, ओठ हलत होते. शेजारच्या दोघांनी आपापले पाट नकळत बाजूला सरकवले. भात कालवणारे हात तसेच राहिले. भरदुपार होती, दारातून लख्ख ऊन येत होतं, बाहेर पोरं फटाके वाजवत होती, आणि आत तीस-चाळीस माणसं एका केळीच्या पानाकडे बघत होती.

वकीलसाहेबांचा आवाज चढला. "ह्यां पान कोणाचां? उचला तां आधी! उचला म्हणतंय!"

मी त्यांची मालवणी पहिल्यांदा ऐकली ती अशी.

"वाढलेलां पान उचलू नये, वकीलसाहेब," तांडेल शांतपणे म्हणाला. "सणाचो दिवस. अन्नाचो अपमान होता."

उचलायला कोणी पुढे आलंही नाही. वकीलसाहेब उभेच. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पलीकडून टीचर माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आणि भीती दोन्ही होतं.

मी उसळीचं पातेलं खाली ठेवलं, हात धुतले आणि त्या पाटावर जाऊन बसले. बायकांनी पुरुषांच्या पंगतीत बसायची पद्धत नव्हती, वाढणाऱ्यांनी आधी जेवायची तर मुळीच नव्हती. मागे कुजबुज झाली. मी पहिला घास घेतला. खोटं कशाला सांगू, त्या घासापुरती माझ्याही मानेवर कोणीतरी फुंकर घालावी तसं झालं, आणि पाट जरा कोमट लागला असं वाटलं. मग उसळीचा तिखटपणा घशाशी आला, ठसका लागला, आणि तांडेलाने पाण्याचं भांडं माझ्यापुढे सरकवत म्हटलं, "खा गो बाय, सावकाश खा."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, वकीलसाहेब सोडून. ते बसले आणि खाली मान घालून जेवले. ते पान कसं जास्त झालं याचा उलगडा झाला नाही. घाईगर्दीत चूक झाली असणार, असं वकीलसाहेबांची पत्नी शेवटपर्यंत म्हणत राहिली.

पंधरा दिवसांनी समितीची बैठक झाली. पुस्तकाचा विषय निघाला, आणि तक्रारींबद्दल माझं म्हणणं विचारलं गेलं. मी म्हटलं, "काहींना पुस्तक फार संथ वाटतं, काहींना फार भीतिदायक. पण दोघंही अजून त्याच्याबद्दलच बोलताहेत. वाचनालयाला यापेक्षा जास्त काय हवं?"

सगळ्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं होतं की चतुर्थीचा विषय कोणी काढेल, पण कोणी काढला नाही. त्यांच्याबद्दल तेवढा आदर होता.

"पुस्तक संथ आहे हे माझं मत कायम आहे," ते पुन्हा त्यांच्या पुस्तकी मराठीत म्हणाले. "त्याला कात्री लागली असती तर बरं झालं असतं. परंतु ठेवा. आणि पुढच्या खेपेला पुस्तकं निवडायचं काम याच मुलीकडे राहू द्या."

मग त्यांनी पुढचा विषय घेतला, तो पडवीच्या गळक्या कौलांचा होता. टीचर पुढच्या काही वर्षांत बदली होऊन कणकवलीला गेल्या, आणि तिथल्या शाळेत मोठ्याने वाचायचे तास सुरू केल्याचं त्यांनी मला एकदा बाजारात भेटल्यावर सांगितलं. मी वाचनालयात राहिले. पावसाळ्यातली शनिवारची वाचनं अनेक वर्षं चालली. कधी माणसं आली, कधी नाही आली. नवीन पुस्तक वाचायला घेताना मी आधी बजावून ठेवायचे, पटलं नाही तर भांडा, पण पूर्ण ऐकून भांडा. आणि मालवणची माणसं, त्यांना भांडायला तेवढं निमित्त पुरे होतं.