उजेडातला प्रयोग

मी शिकवते त्या कॉलेजात मंद प्रकाश मोजायचा प्रयोग म्हणजे खिडक्या बंद, काळे पडदे, आणि पडदे हलू नयेत म्हणून पंखाही बंद. मुलं घामाघूम होत. जरा उजेड आत आला की मीटरचा काटा भरकटे.

यंदा मी घरी जेवणाच्या टेबलावर लॉक-इन अॅम्प्लिफायर नावाचं सर्किट जुळवलं. युक्ती साधी आहे. आपला दिवा ठरावीक तालात उघडझाप करायचा आणि तोच ताल सर्किटला कळवायचा. मग बाकीच्या उजेडाकडे ते लक्ष देत नाही.

सकाळी आमच्या मजल्यावर घरोघरी कुकर शिट्ट्या मारतात. माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी चुकत नाही, कारण गॅस मी पेटवलेला असतो. त्यासाठी कान तिखट असावे लागत नाहीत. आपण काय, कधी सुरू केलंय एवढं ठाऊक असलं की पुरतं.

परीक्षेआधी मी ते सर्किट कॉलेजात नेलं. "आज नाही चाललं, तर परीक्षा अंधारातच," प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या साठे बाईंनी बजावलं. मी बटण दाबलं. काटा शून्याच्या मागे गेला.

"मॅडम, तुमचा प्रकाश उणे आहे!" मागून एक मुलगा ओरडला.

"ताल उलटा पोचलाय," म्हणत मी दोन वायरी अदलाबदल केल्या. काटा पुढे येऊन थांबला. मग मी सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पंखा लावला.

कागद उडाले, साठे बाईंचा पदर उडाला. काटा तेवढा हलला नाही.

"अहो," बाई कागद गोळा करता करता हसायला लागल्या, "इतकी वर्षं आपण मुलांना उगीच उकडून काढलं की!"