ताईचा फोन आणि भावाचं शहाणपण

ताईच्या नाकावर राग असतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तो का असतो, हे विचारायची तसदी मात्र कुणी घेतलेली नाही. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती बोलते हातांनी, आणि ते हात कुणाला वाचता येत नाहीत. एवढ्यावरून गल्लीने ठरवून टाकलं की बाईला बोलायचंच नसतं. जिन्याखालच्या खोलीत तिचं इस्त्रीचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, टेबलावर थाप मारतं, ती मान वर करते. काही दीडशहाणे तिच्या कानाशी वाकून ओरडतात, "डाग पाडू नकोस हं!" जणू इतकी वर्षं कुणी पुरेसं ओरडलंच नव्हतं. अशांच्या शर्टाला ती इतकी चोख इस्त्री करते की तक्रारीला तोंड उघडायची सोय राहत नाही. तेवढाच तिचा सूड.

पण ताईचं बोलणं बघायचं तर संध्याकाळी बघावं. तिची धाकटी बहीणही तिच्यासारखीच, ऐकू न येणारी. ती लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, तिथे कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. रोज संध्याकाळी ताई कपड्यांच्या गठ्ठ्याला फोन टेकवून ठेवायची आणि एका हाताने इस्त्री, दुसऱ्याने गप्पा सुरू व्हायच्या. गोष्ट रंगात आली की इस्त्री उभी करून दोन्ही हात मोकळे. कारखान्यातल्या मुकादमाची ऐट, वहिनीचा चिकटपणा, कानाशी ओरडणाऱ्या शर्टवाल्याची नक्कल, सगळं भरधाव. दोघी हसून हसून रडायच्या. दिवसभर जगाने दाबून ठेवलेलं सगळं त्या वेळात बाहेर पडायचं.

तो फोन ताईने स्वतःच्या कमाईतून घेतला होता, वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी वापरलेला. बाजारात आला तेव्हा त्या कंपनीचा सगळ्यात भारी फोन तो. आता त्याच्या कोपऱ्याला तडा गेला होता, बॅटरी दुपारीच मान टाकायची, म्हणून तो निम्मा वेळ घरी चार्जिंगला. अपडेट यायचे बंद झाले होते. पण कॅमेरा असा, की जिन्याखालच्या एकुलत्या ट्यूबलाइटच्या उजेडातही बोटन् बोट दिसायचं. ताईला फोनकडून दुसरं काही नकोच होतं.

एके दिवशी भाऊ दुकानात नवीन खोका घेऊन आला. चेहऱ्यावर दिग्विजय करून आल्याचा भाव. मागे वहिनी.

"ताई, सरप्राइज!" ओठ भले मोठे हलवत तो म्हणाला. "तुझा तो खटारा देऊन टाकला. एक्स्चेंजमध्ये. हा बघ, नवा कोरा! बॅटरी दोन दिवस चालते. कॅमेरा बघ, तुझ्या जुन्याच्या चौपट मेगापिक्सेल!"

सकाळी त्याने चार्जिंगवरून फोन उचलला होता आणि थेट फोनच्या दुकानात नेऊन दिला होता. विचारलं नाही. बहिणीचे साठवलेले व्हिडिओ गेले, तेही पुसून. कुणाच्या घरात शिरून त्याचं कपाट विकून यावं आणि वर पेढ्याची अपेक्षा करावी, त्यातला प्रकार. तरीही ताईने राग गिळला. भावाने हौसेने आणलंय, बघू तरी, म्हणून तिने बहिणीला फोन लावला.

बहीण दिसली. ताईने दोन्ही हात उचलून सगळी हकिगत एका दमात सांगितली. बहीण डोळे बारीक करून पडद्याजवळ आली.

"हळू बोल," तिचे हात म्हणाले. "परत सांग. काही कळत नाही."

ताईने परत सांगितलं. बहिणीने पुन्हा तेच विचारलं. ताई सावकाश, एकेक खूण सुटी करून सांगू लागली, लहान मुलाला किंवा मठ्ठ गिऱ्हाइकाला सांगावं तशी. शर्टवाल्याची नक्कल सावकाश करून दाखवली. त्यावर कोण हसणार? आख्ख्या जगात एकच माणूस असं होतं की ज्याने ताईला कधी हळू बोल म्हटलं नव्हतं. आज त्यानेही म्हटलं. तिला भडभडून आलं, आणि मग असा संताप आला की तिने फोन बंद करून टेबलावर मूठ आपटली. भाऊ दचकला.

तिने तिथेच, त्याच उजेडात, नव्या फोनवर स्वतःचा बोलतानाचा व्हिडिओ काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर तिचा चेहरा स्वच्छ होता आणि त्या कमी उजेडात भरभर हलणाऱ्या हातांच्या जागी नुसते पांढुरके फराटे.

भावाने निरखून बघितलं. "दिसतंय की सगळं! उलट चेहरा किती गोरा आलाय!"

"कुणासाठी काही करायची सोय नाही," वहिनीने पुस्ती जोडली. "दिलं तरी कुरकुर."

हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. ताईने आरसा धरला तरी या गृहस्थाला हात दिसेनात! दिसणार कसे? जन्मभर तो तिच्या तोंडाकडेच बघत आला. एका घरात वाढूनही त्याला तीनच खुणा येतात: जेव, पैसे, थांब. त्याचं काम तेवढ्यावर भागत होतं.

दुसऱ्या दिवशी ताईने दुकानाला कुलूप लावलं, नवा फोन खोक्यात भरला आणि भावाला दंडाला धरून फोनवाल्याकडे नेलं. तिचा फोन काचेच्या कपाटात, पुसून, विकायला ठेवलेला. तिने काचेवर बोट आपटलं. फोनवाल्याने तो काढून समोर ठेवला, पण बोलला भावाशी.

"त्यांना समजवा हो. एकेकाळी भारी होता, कबूल. पण आता याला अपडेट नाही, बॅटरी मेलेली. नव्याला वॉरंटी आहे. आणि त्यांना कुठे फोनवर बोलायचंय!"

भाऊ कसनुसा हसला.

ताईने ते ओठ वाचले, आणि ते हसूही. तिने खोका काउंटरवर आदळला, आपला फोन उचलला आणि दाराकडे वळली. दाराच्या काचेत तिला मागचा भाऊ दिसला. आधी नुसतं तोंड हलत होतं. मग ओरडून उपयोग नाही हे आठवलं असावं, कारण तो दोन्ही हात हलवू लागला. घाईत थांब आणि जेव यांची सरमिसळ झाली होती.

ताई वळली. त्याच्यासमोर उभी राहून, एकेक खूण सुटी करून बोलली:

"हळू बोल. परत सांग. काही कळत नाही."

आणि निघून गेली.

"काय म्हणाली ती?" भावाने फोनवाल्याला विचारलं.