मागेल त्याला फोन

मी मुळातली भित्री, आणि पोटासाठी काम निवडलं ते हल्ले करण्याचं. गोंदियातल्या भाड्याच्या खोलीत बसून मी एका कंपनीसाठी नेटवर्क एम्बेडिंगची, म्हणजे फोनांवरून चोर हुडकणाऱ्या यंत्राची, परीक्षा घेते. कोण कोणाला फोन करतं ते पाहून यंत्र प्रत्येक नंबराचा एक ठिपका मांडतं. ज्यांचं एकमेकांशी बोलणं जास्त, त्यांचे ठिपके जवळजवळ. फसवणूक करणाऱ्यांचा घोळका असा आपोआप एका कोपऱ्यात दिसतो. मी त्यात चारदोन खोटे कॉल घुसवते, चारदोन खरे पुसते, आणि ठिपके जागचे हलतात का ते बघते.

काही हलायचे, काही नाही. ज्याचे फोन भरपूर, तो ढिम्म बसून राही. पण ज्याचं बोलणं मोजक्याच माणसांशी, तो थोडक्या खोट्या कॉलांत सरळ चोरांच्या घोळक्यात जाऊन बसायचा. आधी मला याची गंमत वाटली. मग एका दुपारी जेवताना घास हातातच राहिला, कारण असा एक माणूस माझ्या घरातलाच होता.

बाबांचं आमगावला स्टेशनाबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना फोन येतात ते माझे आणि आत्याचे. बाकी दिवसभर तो फोन मागेल त्याच्या हातात. कोणाची गाडी चुकली, कोणाची बॅटरी उतरली, की बाबांनी खिशात हात घातलाच. खोटे कॉल घुसवायला तिथे माझी गरजच नव्हती.

मीटिंगमध्ये मी साहेबांना हे सांगितलं. "असा एखादाच असतो," ते म्हणाले. त्या एखाद्याचं काय होतं, मी विचारलं. "नंबर बंद होतो, पोलिसांकडे माहिती जाते. निर्दोष असेल तर तक्रार करेल की." माझे बाबा बँकेतल्या शिपायालाही साहेब म्हणतात. ते कसली तक्रार करणार? त्यांनी फोन उचलायला जरा उशीर केला की मी आत्याला फोन लावायला लागले.

रविवारी मी आमगाव गाठलं.

"बाबा, काल कोणाले देला होता फोन?"

"होता एक जन. गाडी सुटली त्याची."

"पण कोण होता?"

"मले का माहीत. मानूस होता."

"तो चोर असला तर? पोलीस तुमाले नेतीन."

"काऊन? मी का केलो?"

मी ठिपके, घोळका, कोपरा, सगळं सांगत सुटले. बाबा आधी हसले. मग माझा चेहरा पाहून हसायचे थांबले. शिकलेली पोरगी एवढी घाबरली म्हणजे काहीतरी असणारच, असं त्यांनी धरलं असावं.

तेवढ्यात गाडीतून उतरलेली एक बाई दुकानाशी आली. कडेवर तापाने मलूल झालेलं पोर. "चाचा, जरा फोन दोगे क्या? लेने कोई आया नहीं."

बाबांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते घाबरले होते.

"रिचार्ज खतम है, बेटी."

बाबांना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझा फोन माझ्या पर्समध्ये होता. मीही काढला नाही.

बाई पोर सावरत उन्हात पुढे गेली. बाबा ट्यूबवर वाकले. वर न बघताच त्यांनी विचारलं, "बराबर केलो ना, माय?"

मी हो म्हणाले.