मूळ कागद आणा, मूर्ती न्या!

जहाजकंपनीचं एजंट-ऑफिस, आणि तेही समुद्र नसलेल्या कुंभकोणमात! मग किस्से नाही साठणार तर काय? शेजारच्या स्वामीमलैत ओतलेल्या देवांच्या मूर्ती आमच्या हातून परदेशी जातात. ऑफिस माझ्या मामांचं. गाव त्यांना 'रावजी' म्हणतं. मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, ज्याच्या हाती, माल त्याचा. ते परत न घेता माल सोडला, तर भरपाई कंपनीच्या गळ्यात आणि मामांची एजन्सी गेलीच!

*

नव्या कागदाला इथे हळद लावतात. एका स्थपतींनी, म्हणजे मूर्तिकारांनी, बिलाच्या चारही कोपऱ्यांना लावली. परदेशातल्या बँकेने विचारलं, "हे डाग कसले?" मामांनी कळवलं, "शुभ!" बँकेने पुन्हा विचारलं, "शुभ डाग कशाने जातात?"

*

बिलाच्या मूळ प्रती तीन निघतात. एक दाखवली तरी पुरते. तिघा भावांनी एकेक वाटून घेतली! धाकट्याचा फोन : "सार, माझ्या प्रतीवर देवाचा कुठला भाग येतो?" मामा म्हणाले, "जो आधी येईल त्याला पूर्ण देव. बाकीच्यांना प्रसाद!"

*

एकाने भिजू नये म्हणून बिल लॅमिनेट करून घेतलं. आता मागे सही कुठे करायची? मामा दुपारभर ब्लेड घेऊन बसले. मी पंखा बंद केला होता.

*

आणि कण्णन स्थपती! मलेशियातल्या एका देवळासाठी त्यांनी सुब्रमण्यस्वामींची, म्हणजे कार्तिकेयाची, मूर्ती घडवली. ती बंदरात पोचली, शुक्रवारी प्राणप्रतिष्ठा, तिथले ट्रस्टी फोनवर रडकुंडीला आलेले. स्थपतींनी तिन्ही प्रती आमच्याकडे जमा केल्या, की एका मेलवर मूर्ती सुटणार होती.

"बिलं कुठे आहेत?"

"हुंडीत टाकली, रावजी! पहिली परदेशी ऑर्डर, नवस होता!"

हुंडी म्हणजे देवळातली दानपेटी, आणि तीही त्यांच्या गावच्या सुब्रमण्य कोविलची! देवस्थान खात्याचे अधिकारी आल्याशिवाय ती उघडत नाही, आणि आत पडलं ते देवाचं.

मामा माझ्याकडे वळून घरच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "अय्यो! आतां अस्का माल सामींचाच की रे!" अस्का म्हणजे सगळा.

ट्रस्टी विनवत होते, "तशीच सोडा ना, सार!" मला भीती वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं. पण मामांनी मूर्ती सोडली नाही. चेन्नईच्या हेड ऑफिसला खरं तेच कळवलं :

बिल कोणाकडे : श्री सुब्रमण्यस्वामी.
माल : श्री सुब्रमण्यस्वामी, नग एक.

दहा मिनिटांत उत्तर आलं :

"माल आणि मालक एकच दिसतात. कोणाला कोणाच्या ताब्यात द्यायचं, ते कृपया कळवावे."