बाबांच्या कानाजोगा सायलेन्सर

मालेगावला गाड्यांचे सायलेन्सर बसवणारे एक मिस्त्री आहेत. कुठला सायलेन्सर कसा वाजेल, ते तोंडानेच आवाज काढून दाखवतात. माझ्या जुन्या गाडीला मला सगळ्यात दणदणीत हवा होता.

"काहून भाऊ?" मिस्त्रींनी विचारलं.

"बाबाले कमी आयकू येते. मी घरी आलो तं समजत नाही त्यायले."

"मंग त्यायलेच घेऊन या ना."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गावाहून, किन्हीराजाहून, बाबांना आणलं. मिस्त्रींनी त्यांना गाडीकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं आणि एकेक सायलेन्सर लावून गाडी सुरू केली. दणदणीत आवाजाला बाबा नुसते दचकले. मग एक खोल, घुमणारा आवाज निघाला, तेव्हा ते वळून हसले.

"आला काय रे तू?"

मिस्त्रींनी मला न विचारताच तो सायलेन्सर पक्का आवळायला घेतला.